रोंडाच्या भिंतीवरचे कप

बुधवार, १६ एप्रिल

काल लिहिलेल्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. “तुझ्या आईची खानावळ राहील,” असं कॉलेजचे उपाध्यक्ष डॉ. हॅलोवे मला म्हणाले, असं मी लिहिलं होतं. तसं ते म्हणाले नाहीत. आज सकाळी दात घासताना मला त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवले. “एल्डर ग्रोव्ह गाव तुझ्या आईला कधीही विसरणार नाही, जोलीन,” असं ते म्हणाले. अर्थ तोच होत असेल, पण शब्द ते नाहीत.

माझा निबंध आवडला म्हणून मला गावाच्या समितीवर घेतलं, हेही तितकंसं बरोबर नाही. निबंधाचा विषय मीच काढला होता. त्यांना गावात वाढलेली आणि कॉलेजात शिकणारी मुलगी हवी होती, आणि तशी यंदा मी एकटीच आहे.

पंचाईत अशी की पहिली चूक वहीत उतरण्याआधी मी आईला सांगून टाकली होती. गेल्या हिवाळ्यात कॉलेजने आईच्या नावाने चालणाऱ्या आमच्या ‘रोंडाज’ खानावळीची इमारत विकत घेतली. आमचा भाडेकरार जूनअखेर संपतो. तेव्हापासून आई बटाटे करपवायला लागली होती. काल तिने एकही बटाटा करपवला नाही. तव्यापाशी उभी राहून गुणगुणत होती, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होती, “आपण इथेच आहोत बरं का.”

आज संध्याकाळी मी म्हटलं, “आई, त्यांचे नेमके शब्द जरा वेगळे होते.”

“शब्दांचं तू बघ, मी अंडी बघते,” ती म्हणाली.

डेल मामा काउंटरवर जेवत होता. तो म्हणाला, “अख्ख्या घराण्यात एक पोरगी कॉलेजला गेली. ती एक वाक्य बोलते आणि दुसऱ्या दिवशी ते परत घेते.”

मग मी ताटं उचलायला लागले. पण इथे दुरुस्ती केली आहे.

शुक्रवार, २५ एप्रिल

समितीची बैठक झाली. ‘थोर अमेरिकन कॉलेज गावं’ अशी एका मासिकाची दरवर्षी यादी निघते, तीत आपलं गाव यावं म्हणून ही समिती. डॉ. हॅलोवेच अध्यक्षस्थानी होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं, “कॉलेजचं गाव थोर कशाने होतं?” आणि सगळ्यांना एकेक उत्तर द्यायला सांगितलं.

झाडं. पुस्तकांचं दुकान. चांगली कॉफी. गाडीशिवाय फिरता येतील असे रस्ते. नदीकाठचे बाक. ‘विद्यार्थी’ असं कुणी म्हटलं नाही. मला ते सुचलं होतं, पण मी स्वतःच विद्यार्थिनी असल्यामुळे स्वतःचंच नाव पुढे केल्यासारखं झालं असतं. मी ‘घंटाघर’ म्हटलं.

मग सोफ्यांचा विषय निघाला. आमच्याकडे मुलं भाड्याच्या घरांच्या व्हरांड्यात सोफे टाकून बसतात, पाऊस पडला तरी ते तिथेच असतात. घरं विकणाऱ्या बाई म्हणाल्या, “व्हरांड्यातला सोफा म्हणजे गावाच्या नाकावरची पुटकुळी.” सोफ्यांवर बंदी घालायचं ठरलं. फुटपाथवरसुद्धा नाही.

मासिकाच्या परीक्षक बाईंना २० मेला बोलवायचं ठरलं. पदवीदान ११ मेला आहे, त्यामुळे तोवर गाव रिकामं होईल, गाड्या लावायला जागा असेल, हिरवळही ताजी असेल. “विद्यार्थी असले की गाव नीट दिसत नाही,” घरांच्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठकीचा वृत्तांत मी लिहीत होते, त्यात मी हे वाक्य घेतलं. डॉ. हॅलोवेंनी नंतर ते खोडून ‘सर्वांना सोयीची तारीख’ असं केलं. वृत्तांतात काय घ्यायचं नसतं, हे त्यांनी मला प्रेमाने समजावलं. मला खूप शिकायला मिळतं आहे.

सोमवार, १२ मे

काल पदवीदान झालं. खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपापले कप धुऊन भिंतीवरच्या खुंट्यांवर टांगले. आईने ही खानावळ घेतली तेव्हा तिच्याकडे पुरेसे कप नव्हते, म्हणून तिने मुलांना सांगितलं, घरून आपापला आणा. तेव्हापासून ती रीतच पडली. पहिल्या वर्षाला कप आणायचा, तळाशी नेलपॉलिशने नाव लिहायचं, चार वर्षं त्यातच कॉफी प्यायची. गाव सोडताना कप सोबत न्यायचा नाही. तो स्वतः धुऊन खुंटीवर ठेवून जायचं. पुढे कधीही आलात, अगदी टक्कल पडल्यावर, तरी हात वर करायचा आणि आपला कप काढायचा. त्या कपातल्या कॉफीचे पैसे आई घेत नाही. नावं तिला एकाचंही आठवत नाही. सगळे तिचे ‘बाळा’. एकदा एक न्यायाधीश आले होते, तेही बाळाच.

माझा कप भिंतीवर नाही. मी मालकिणीची मुलगी, टवका उडालेल्या कोणत्याही कपात पिते. पण दोन वर्षांनी मीही पदवी घेईन. खिडकीजवळची खुंटी मी मनातल्या मनात धरून ठेवली आहे.

मामा आज रागावला आहे. पदवीदानानंतर मुलं फुटपाथवर टाकून जातात ती टेबलं, दिवे, गाद्या तो दरवर्षी ट्रक घेऊन गोळा करतो. आमच्या घरातली एकही खुर्ची दुकानातून आलेली नाही. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर कुणा ‘काइल’ने आपलं नाव कोरलेलं आहे. यंदा समितीच्या गाड्यांनी पहाटेच सगळं उचललं. मामाला एक दिवा मिळाला, तोही बिनबल्बचा.

“तुझ्या समितीने माझा सण खाल्ला,” तो म्हणाला.

“मामा, गावाच्या भल्यासाठीच आहे ते.”

“गाव म्हणजे कोण गं? मला एकदा भेटवशील?”

गुरुवार, १५ मे

गडबड उडाली आहे. मासिकाच्या परीक्षक मिसेस लिंडक्विस्ट यांनी कळवलं की त्यांना विद्यार्थ्यांना भेटायचं आहे. कॉलेजच्या गावी येऊन कुणी असं मागेल, याचा समितीत कुणी विचारच केला नव्हता.

डॉ. हॅलोवेंनी तासाभरात मार्ग काढला. गावातल्या माणसांना कॉलेजचे जांभळे टी-शर्ट द्यायचे आणि झाडांखाली बसवायचं. “आपण कुणालाही खोटं सांगत नाही. कुणी काय घालावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न,” ते म्हणाले. मला ते पटलं, म्हणजे तेव्हा पटलं. मामाचं नाव मीच सुचवलं. टी-शर्ट त्याला ठेवून घेता येणार आहे.

मंगळवारी खानावळ बंद ठेवायची आहे. खिडक्यांवर घंटाघराचं मोठं चित्र लावणार आहेत. डॉ. हॅलोवे म्हणाले, “तुझी आई किती राबते. तिने एक दिवस विसावा घ्यावा.”

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “इतक्या वर्षांत मला ‘बस’ म्हणणारा हा पहिलाच पुरुष.” तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण ती कांदा चिरत होती.

मंगळवार, २० मे

मिसेस लिंडक्विस्ट साठीच्या आहेत. चपट्या टाचांचे बूट घालतात, वाटेत कुणीही भेटलं की थांबतात. गाव दाखवायचं काम माझ्याकडे होतं आणि रस्ता आखून दिलेला होता.

एल्मच्या झाडाखाली मामा जांभळा टी-शर्ट घालून बसला होता. मांडीवर अर्थशास्त्राचं पुस्तक होतं आणि तो ते खरोखरच वाचत होता, कपाळाला आठ्या घालून.

“तुम्ही काय शिकता?” बाईंनी विचारलं.

“रस्ते,” मामा म्हणाला. “हिवाळ्यात बर्फ.”

“भूगोल म्हणायचा का?”

“त्याच्या जवळचंच.”

“कितवं वर्ष?”

“एकोणिसावं.”

बाई हसल्या. “फारच सावकाश चाललंय.”

“घाई कुणाला आहे, बाई? पास झालो तर उन्हात बसू देतील का?”

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “हे खरंच विद्यार्थी आहेत?”

“त्यांना कॉलेजात सगळे ओळखतात,” मी म्हटलं. यातला एकही शब्द खोटा नाही. कॉलेजच्या दारातला बर्फ मामाच काढतो. पण पुढच्या चौकापर्यंत मी बाईंच्या दोन पावलं पुढेच चालले.

मग नवं कॉफीचं दुकान लागलं. समितीने ते गेल्याच आठवड्यात उघडून घेतलं. जुनं वाटावं म्हणून टेबलांवर ओरखडे पाडून घेतले आहेत. बाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि एका ओरखड्यावरून बोट फिरवलं.

“आता खरं सांग,” त्या म्हणाल्या. “तू कॉफी कुठे पितेस?”

एक निम्मं खोटं पोटात होतंच, दुसऱ्याला जागा नव्हती. मी त्यांना गल्लीतून मागच्या दाराने आईकडे घेऊन गेले.

आई पाय खुर्चीवर टाकून रेडिओ ऐकत होती, पायांत नुसते मोजे. “आज बंद आहे,” ती म्हणाली.

“आई, या मासिकाच्या बाई.”

“मग उभ्या का? बसा, बाळा. बटाटे चालतात ना?”

बाई बटाटे खाता खाता भिंतीकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि एकेक कप उलटा करून तळाची नावं वाचू लागल्या. आईने त्यांना कपांची गोष्ट सांगितली, तव्याकडे तोंड करून, नेहमीसारखी. खिडकीवरच्या घंटाघराच्या चित्रामुळे आत जांभळट अंधार होता.

“मला यातल्या एखाद्या कपात कॉफी द्याल?” बाईंनी विचारलं.

“नाही देता यायची,” आई म्हणाली. “ते लोकांचे आहेत.” आणि तिने त्यांना रोजच्या जाड पांढऱ्या कपात कॉफी दिली.

आखलेला रस्ता मी सोडला, हे डॉ. हॅलोवेंना सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलं, “सगळं ठीक झालं ना?” मी “हो” म्हटलं. तो प्रश्न त्यांनी व्हरांड्यातले सोफे मोजल्यासारखा, पलीकडे बघत विचारला होता.

सोमवार, २ जून

मासिकाच्या यादीत लहान गावांत आपण पहिले आलो.

मासिकात नवं कॉफीचं दुकान नाही, नदीकाठचे बाकही नाहीत. मामाचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘इथे शिकण्याला वयाची अट नाही.’ पुढचं सगळं आईबद्दल आहे. शेवटचं वाक्य मला पाठ झालं: ‘झाडं आणि कॉफी कुठेही मिळतात. थोर कॉलेज गाव ते, जिथे तुम्ही निघून गेल्यावर तुमचा कप कुणी हलवत नाही.’

आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “बटाट्यांचं काही लिहिलं नाही.”

दुपारी डॉ. हॅलोवे स्वतः खानावळीत आले, फुलं घेऊन. मला आठवतं तसं पहिल्यांदाच. ते मागच्या दाराबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, यावरून त्यांचं मन किती मोठं आहे ते दिसतं. कपांच्या भिंतीसमोर त्यांनी दोन्ही हात पसरले, जणू तिला मिठीच मारायची आहे. त्यांच्याबरोबरच्या तरुणाने फीत काढून भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. मासिकाचं पान चौकट करून लावायचं असेल. पण त्यासाठी ती चौकट फारच मोठी होईल.

शुक्रवार, ६ जून

डॉ. हॅलोवेंनी बोलावलं होतं. जे बोलणं झालं तेच लिहिते, माझं काही घालत नाही.

त्यांनी एक रंगीत चित्र दाखवलं. आमच्या इमारतीत कॉलेजचं स्वागत केंद्र होणार आहे. काचेचं दर्शनी दार, आत कपांची भिंत, तिच्यापुढे दोरी. शेजारी नवे कप विकायला असतील, पाहुण्याने सांगितलेलं नाव तिथल्या तिथे छापून देणारे. वर पाटी: ‘रोंडाज’.

“ही तर आईची पाटी झाली,” मी म्हटलं.

“तेच तर. मी म्हटलं होतं ना, गाव तिला विसरणार नाही?”

“आणि आई कुठे असेल, सर?”

“उद्घाटनाला, पहिल्या रांगेत.”

“मला म्हणायचंय, नंतर.”

“नंतर तिने आराम करावा. खाण्यापिण्याचं शहरातले लोक बघतील, त्यांना अनुभव आहे. आणि तू इथे पाहुण्यांना रोंडाची गोष्ट सांगशील. तुझ्याशिवाय कोण सांगणार?”

मी विचारलं, “कप कुणाचे, सर?”

“भिंतीबरोबर येतात.”

“खुंट्या भिंतीत ठोकलेल्या आहेत. कप खुंट्यांवर नुसते टांगलेले आहेत.”

ते मनापासून हसले. “तू वकील होणार, जोलीन.”

मी “थँक यू, सर” म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं हे खरं आहे.

घरी येऊन १६ एप्रिलचं पान काढलं. ते जे म्हणाले होते ते त्यांनी अक्षरशः पाळलं आहे. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही नोंदवते.

शनिवार, ७ जून

खानावळ बंद झाल्यावर आईला सगळं सांगितलं. ती तवा खरवडत होती आणि खरवडतच राहिली. तवा स्वच्छ झाला होता तरी.

“म्हणजे मी जिवंतपणी गेले,” ती म्हणाली. “आणि वर माझंच नाव लावून दुसरं कुणी बटाटे करपवणार.”

“आई, ही माझी चूक आहे. एप्रिलमध्ये मी तुला चुकीचं वाक्य सांगितलं. खानावळ राहील असं ते कधी म्हणालेच नव्हते. मी तेव्हा दुरुस्त करायला हवं होतं. आणि त्या बाईंना मागच्या दाराने मीच आणलं.”

“मला तेव्हाच कळलं होतं.”

“काय?”

“की तो असं म्हणाला नसणार. ज्याला जागा द्यायची असते तो कागद घेऊन येतो. तू उड्या मारत घरी आलीस, समितीवर घेतलं म्हणून. म्हटलं, कशाला हिचा दिवस घालवा.”

“पण तू तर गुणगुणत होतीस.”

“तू बघत होतीस ना.”

मामा म्हणाला, “इतकं शिकलीस, पण अजून धड खोटं बोलता येत नाही. पोरी, तुझ्या फीचे पैसे परत मागून घे.” आईने त्याला फडका मारला, मग त्याच फडक्याने डोळे पुसले. फडक्याला तव्याची काजळी होती, ती गालाला लागली. आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही.

मंगळवार, १० जून

शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. बँड वाजवत मिरवणूक कॉलेजच्या दारातून निघते आणि दरवर्षी आमच्या खानावळीपाशी मोडते, कारण सगळे आत शिरतात. यंदा डॉ. हॅलोवे तिथे कपांच्या भिंतीसमोर भाषण करणार आहेत. मी शेजारी उभं राहायचं आहे.

पहिला पाहुणा आजच आला. सूट घातलेला, पूर्ण टक्कल. आईकडे न बघता सरळ भिंतीकडे गेला, हात वर केला आणि बेडकाचं चित्र असलेला कप काढला. आई म्हणाली, “आलास का बाळा,” आणि कॉफी ओतली. त्याच्या खांद्यांवरून चार-पाच वर्षं उतरल्यासारखी दिसली.

मी त्याच्यापाशी गेले. “माफ करा, एक विचारायचं होतं. हा कप कुणाचा?”

त्याने कप उंच धरून तळ दाखवला. ‘टॉड’. “माझा. का? कुणी मागतंय का?”

“हो,” मी म्हटलं. “मागतायत.”

मग माझ्या डोक्यात सगळं सरळ झालं. कप कॉलेजचे नाहीत, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमचेही नाहीत. आईने मिसेस लिंडक्विस्टना तेच सांगितलं होतं, मीच नीट ऐकलं नव्हतं. लोकांच्या वस्तू लोकांना परत द्यायच्या. मिरवणूक येईल तेव्हा फुटपाथवर लांब टेबल लावलेलं असेल. आई शेवटची कॉफी ओतेल, आणि कॉफी प्यायल्यावर ज्याने त्याने आपला कप घरी न्यायचा. जे येणार नाहीत त्यांचे कप मामा, आलेल्यांना पत्ते विचारून, खोक्यांत भरून टपालाने पाठवेल. आई दिवसभर उभी राहू शकत नाही, म्हणून मामा त्याच्या गॅरेजातला सोफा आणून टेबलामागे ठेवणार आहे. फुटपाथवर सोफा ठेवायला बंदी आहे आणि त्या बैठकीत मी हात वर केला होता. हे मला अजून टोचतं. मामा म्हणतो दंड तो भरेल, जांभळा टी-शर्ट विकून.

आईला विचारलं तेव्हा तिने आधी काउंटर पुसून काढला. मग म्हणाली, “आणि खुंट्या?”

“खुंट्या भिंतीबरोबर जातात. त्या तशाच सोडायच्या. सगळ्या.”

“रिकाम्या?”

“रिकाम्या.”

आई हसली. यावेळी मी बघत नव्हते, काचेत दिसलं.

डॉ. हॅलोवेंना आधी सांगावं का, याचा दुपारभर विचार केला. त्यांनी मला कपांबद्दल काही विचारलेलं नाही, आणि वृत्तांतात सगळंच घ्यायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलं आहे. पाहुण्यांना रोंडाची गोष्ट सांगायचं काम मात्र मी घेणार नाही. ते त्यांना त्याच दिवशी, भाषणाआधी, तोंडावर सांगेन. त्यांच्याजवळ उभी असेनच.

आईचं नेलपॉलिश घेऊन मी एका टवका उडालेल्या कपाच्या तळाशी माझं नाव लिहिलं. तो दोन वर्षं आधीच टांगणार आहे, म्हणजे हे नियमात बसत नाही. आई म्हणाली, “टांग, मालकीण अजून मी आहे.” कप खिडकीत वाळत ठेवला आहे. चार दिवस तो खिडकीजवळच्या खुंटीवर राहील, म्हणजे टांगलेला होता असं मला पुढे खरं सांगता येईल. मग सगळ्यांच्या आधी तोच काढायचा, शनिवारी, १४ जूनला.